सुईपासून सुरुवात : चामडे शिवणाऱ्या यंत्राचा टाका बिघडतो तेव्हा

(दृश्य : बेळगाव, शहापूर भागातील एक अरुंद गल्ली. एका खोलीचा कारखाना. यंत्राच्या पाटावर नुकताच शिवलेला कमरेचा पट्टा.)

हा पट्टा आज सकाळी शिवलेला आहे. वरून पाहिले तर टाके सरळ रेषेत आणि एकसारख्या अंतरावर पडलेले आहेत. पट्टा उलटा केला की खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास लोंबताना दिसतात, आणि त्यांतला एक फास नखाने ओढला की शेजारचे तीन-चार टाके त्याच्याबरोबर ढिले होतात. दोष खाली दिसतो, म्हणून यंत्रावर बसलेल्या मुलाने खालच्या दोऱ्याचा, म्हणजे त्याचे छोटे रीळ धरणाऱ्या बॉबिन केसचा स्क्रू आवळला. अर्ध्या तासात तो तीनदा आवळून झाला, तरी फास जसेच्या तसे आहेत.

“मामा, खालचा दोरा सैल येऊलाय की ओ,” असे तो म्हणतो.

कारखान्यातले जुने मिस्त्री, ज्यांना इथे सगळेच मामा म्हणतात, बॉबिनकडे पाहतही नाहीत. ते यंत्राचा पाय, म्हणजे चामडे वरून दाबून धरणारा भाग, खाली सोडतात, सुईजवळचा वरचा दोरा दोन बोटांत धरतात आणि हळूच ओढतात. दोरा कुठेही न अडता सरसर येतो. टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांच्या मधोमध बसायला हवा होता तो दोरा त्यांच्या कडेवरून गेलेला असतो, आणि चकत्यांच्या फटीत सुकलेल्या सोल्यूशनचा, म्हणजे चामडे चिकटवण्याच्या डिंकाचा, बाजरीच्या दाण्याएवढा कण अडकलेला असतो.

खाली दिसणाऱ्या दोषाचे कारण वर का असते, हे समजण्यासाठी टाका कसा बनतो ते पाहणे आवश्यक आहे. या यंत्रात दोन दोरे असतात. वरचा दोरा सुईतून चामड्यात उतरतो, खाली फिरणाऱ्या शटलचे टोक त्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवते, आणि मग वरचा दांडा तो फास परत वर ओढून गाठ घट्ट करतो. टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालचा दुसरा दोरा या रचनेचे पेटंट एलायस होवे याने अमेरिकेत १८४६ मध्ये घेतले, आणि तत्त्व आजही तेच आहे. वरच्या दोऱ्यावर ताण नसेल, तर फास परत वर ओढला जात नाही आणि खालीच लोंबत राहतो. म्हणून फास खाली दिसले तर आधी वर पाहावे. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसू लागले, तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा फार कमी आहे असे समजावे.

(दृश्य : लाल आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळे.)

मामांची पद्धत अगदी साधी आहे, आणि आमच्या मते ती प्रत्येक कारखान्यात रुजायला हवी. ते वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावतात, आणि ज्या चामड्याचा माल शिवायचा आहे त्याच चामड्याचा, तितक्याच जाडीचा आणि तसाच चिकटवलेला तुकडा घेऊन त्यावर एक वीत शिलाई घालतात. मग रापीने, म्हणजे चामडे कापण्याच्या सुरीने, तो तुकडा टाक्यांच्या रेषेवरच उभा कापतात. कापलेल्या कडेवर लाल दोरा वरून उतरताना आणि पांढरा खालून चढताना दिसतो, आणि दोघांची गाठ नेमकी कुठे पडली आहे ते डोळ्यांनी पाहता येते. तीन-तीन मिलिमीटरचे दोन थर असतील तर गाठ मध्यावर, साधारण तीन मिलिमीटर खोलीवर हवी. पर्सच्या एक मिलिमीटर चामड्यात जाड दोऱ्याची गाठ लपायला जागाच नसते. तिथे ताण कितीही जुळवला तरी ती एका बाजूला डोकावते, आणि उपाय दोरा बारीक करणे हाच असतो.

या सीमाभागाला चामडे नवे नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत, आणि अथणी तालुक्यातील कारागिरांचे नाव या धंद्यात सर्वत्र घेतले जाते. ती चप्पल मात्र आरीने भोके पाडून, चामड्याच्याच वादीने हाताने शिवली जाते. पट्टे, पिशव्या, पाकिटे आणि गाड्यांच्या सीटची कव्हरे यांचे काम यंत्रावर चालते. हाताने शिवणारा प्रत्येक टाका बोटांनी तपासत पुढे जातो, त्यामुळे चूक झाली तर ती एका टाक्यापुरती राहते. यंत्र एका मिनिटात शेकडो टाके घालते, आणि चूक असेल तर तीही शेकडो वेळा घालते. शिवाय चामड्यातले भोक बुजत नाही. कापडाची शिलाई उसवून पुन्हा घालता येते. चामड्यावर चुकलेली ओळ उसवली तरी भोकांची रांग कायम राहते आणि तो तुकडा बहुधा वाया जातो.

आता ज्या दोषाने कारागीर सर्वांत जास्त बेजार होतात, त्या टाका सुटण्याकडे वळू.

(दृश्य : सुईपट्टी, म्हणजे सुई जिच्या छिद्रातून खाली जाते ती धातूची पट्टी, काढलेले यंत्र. टॉर्चच्या उजेडात सुई आणि शटल. मामा चाक हाताने फिरवतात.)

मोटर बंद आहे आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरत आहे. सुई सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत जाते आणि तिथून दोन ते अडीच मिलिमीटर वर येते. या एवढ्याशा प्रवासात सगळा टाका ठरतो. सुईच्या एका बाजूला लांब खोबण असते, तिच्यात दोरा बसून राहतो. दुसऱ्या बाजूला खोबण नसल्यामुळे दोरा चामडे आणि सुई यांच्यामध्ये दाबला जातो, आणि सुई वर येताच तो तिच्याबरोबर न येता बाहेर फुगतो. हाच तो फास. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक सुईच्या छिद्राच्या थोडे वर, सुईला दिलेल्या खाचेतून जाते आणि फास उचलते. टोक आणि सुई यांच्यात कागदाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर अंतर असते. फास फुगला नाही किंवा टोक त्याच्या शेजारून गेले की तो टाका सुटतो.

फास न फुगण्याची कारणे पाहिली, तर त्यांतली बहुतेक सुईपाशी येऊन थांबतात. सुई उलटी बसलेली असू शकते, पूर्ण वर न ढकलताच स्क्रू आवळलेला असू शकतो, ती किंचित वाकलेली असू शकते. काचेच्या तुकड्यावर सुई आडवी ठेवून तिच्याखालून येणारी उजेडाची फट पाहिली की वाकलेली सुई लगेच ओळखू येते. पण सगळ्यांत जास्त फसवणारी सुई ही नवीकोरी, सरळ आणि चुकीची असते. चालत्या पायाच्या, म्हणजे ज्यांचा पाय टाक्यागणिक चामड्याबरोबर पुढे सरकतो अशा, अनेक यंत्रांना १३५ गुणिले १७ किंवा १३५ गुणिले १६ या जातीची सुई लागते. या दोन्हींची लांबी सारखी आहे. सतराची सुई गोल टोकाची असून कापड, कॅनव्हास आणि रेक्झिनसाठी असते, तर सोळाच्या सुईला चामडे कापत जाणारे धारदार टोक असते. १३५ गुणिले ५ या जातीच्या सुईचा दांडा तितकाच जाड असतो, ती पकडीत घट्ट बसते, पण लांबीने आखूड असते. ती लावली की शटलचे टोक चुकीच्या जागी पोचते आणि टाके सुटू लागतात. अशा वेळी कारागीर टायमिंग, म्हणजे सुई आणि शटल यांच्या भेटीची वेळ, बिघडले असे समजून शटलचे स्क्रू सोडतो, चुकीच्या सुईला टायमिंग जुळवतो, आणि आठवड्याने योग्य सुई आणून लावली की यंत्र पुन्हा बिघडते. एका सुईपायी दोन दिवसांचे काम गेल्याचे आम्ही या चित्रीकरणाच्या काळात स्वतः पाहिले. ज्या कारखान्यात सकाळी रेक्झिनच्या पिशव्या आणि दुपारी चामड्याचे पट्टे शिवले जातात, तिथे सुयांची पाकिटे वेगळ्या डब्यांत ठेवणे एवढीच खबरदारी पुरेशी आहे.

सुईची जाडी दोऱ्यावर ठरते. पाकिटावर १४०/२२ असे छापलेले असते, त्यातील १४० म्हणजे सुईची जाडी १.४० मिलिमीटर, आणि २२ हा तिचाच जुन्या पद्धतीचा क्रमांक. बाजारात नायलॉनचा दोरा नंबरावर मिळतो आणि नंबर जितका लहान तितका दोरा जाड असतो. ४० नंबरच्या दोऱ्याला साधारण ११०/१८ ची सुई चालते, २० नंबरला १४०/२२ ची. शंका असेल तर सुई हातात घ्यावी, वीतभर दोरा छिद्रातून ओवून तिरका ताणून धरावा आणि सुई वरच्या टोकाला नेऊन सोडावी. ती दोऱ्यावरून आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी जुळली. ती अडत असेल, तर हाच दोरा यंत्रात प्रत्येक टाक्याला छिद्रातून अनेकदा पुढेमागे घासला जाणार आहे आणि त्याचे तंतू सुटणार आहेत, हे निश्चित समजावे.

सुई योग्य असूनही टाका सुटत असेल, तर पायाकडे पाहावे. जाड चामडे सुईला धरून ठेवते, आणि पायाचा दाब कमी असेल तर सुई वर येताना चामडेही तिच्याबरोबर उचलले जाते. चामडेच वर आले तर दोरा फुगणार कसा? बक्कल अडकवण्यासाठी पट्ट्याचे टोक दुमडतात, तिथे जाडी एकदम दुप्पट होते आणि टाका नेमका तिथेच सुटतो. पाय चढावर तिरका होतो, त्याचा दाब एका बाजूला जातो. मामा दुमडीचा भाग रापीने तासून उतरता करतात, आणि तरीही चढ राहिलाच, तर पायाच्या मागच्या बाजूखाली तितक्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवतात, म्हणजे पाय सपाट राहतो. ते चार टाके ते मोटरवर घालत नाहीत, चाक हाताने फिरवून घालतात.

दोरा तुटण्याची गोष्ट निराळी आहे. तुटलेले टोक पाहावे : स्वच्छ कापल्यासारखे असेल तर कुठेतरी धार आली आहे, पिंजल्यासारखे असेल तर घासले जाते आहे, टोकाला वितळल्यासारखी गाठ असेल तर सुई तापली आहे. नायलॉन त्याच्या प्रकारानुसार २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते, आणि जाड चामड्यात भरधाव चालणारी सुई त्याला इजा करण्याइतकी तापते. वेग कमी करणे हाच तिथे खरा उपाय आहे, आणि जुन्या क्लच मोटरच्या जागी वेग हवा तितका कमी करता येणारी सर्वो मोटर बसवणाऱ्यांना मुख्य फायदा झाला तो सावकाश शिवता येण्याचा. न सुकलेले सोल्यूशन सुईला चिकटले तर दोरा तुटतोही आणि टाका सुटतोही. त्यामुळे चिकटवलेला माल पूर्ण सुकल्याशिवाय यंत्राखाली घेऊ नये. सुई तुटली असेल, तर शटलच्या टोकावरून बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडले तर तिथे ओरखडा आहे. तो अगदी बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घालवता येतो, पण टोकच घासून आखूड केले तर शटल बदलावे लागते.

(दृश्य : शटलमध्ये गुंतलेल्या दोऱ्याचा गुंता चिमट्याने काढला जातो.)

शिलाई सुरू करताना दोऱ्यांची टोके धरली नाहीत की ती खाली ओढली जातात आणि असा गुंता होतो. काही यंत्रांत अशा वेळी शटल मोडू नये म्हणून सुरक्षा क्लच असतो. गुंता झाला की हा क्लच सुटतो, चाक फिरते पण शटल जागचे हलत नाही. त्याला बिघाड समजून स्क्रू सोडू नयेत. गुंता काढून, क्लचचे बटण दाबून धरून चाक फिरवले की तो ‘टक्’ असा आवाज करून पुन्हा बसतो आणि टायमिंग पूर्वीसारखे होते. टायमिंगला हात लावण्याची वेळ येते ती सुई, दोऱ्याचा मार्ग, बॉबिन आणि पाय एवढे तपासून झाल्यावरच, आणि तेव्हाही मामा आधी जुन्या जागेवर खुणेची रेघ मारून घेतात.

(दृश्य : पाऊस. पत्र्यावरून पडणारे पाणी.)

एकाच जिल्ह्यात खानापूरकडे घाटाचा मुसळधार पाऊस पडतो आणि अथणीकडे कोरडे ऊन असते. बेळगाव शहरात जून ते सप्टेंबर हवा दमट राहते. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे ओलसर झाले आणि लोखंडाला लागले, की त्यातील टॅनिनची लोखंडाशी क्रिया होऊन काळा डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. पट्ट्यावर पायाच्या आकाराचे काळे ठसे उमटले, तर दोष टाक्याचा नसतो, ओलाव्याचा असतो. पावसाळ्यात बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली गंजाचा कण धरतो आणि खालचा ताण मधूनच कमी-जास्त होतो; जाड कागदाची कड त्या पट्टीखालून ओढली की तो निघून येतो.

(दृश्य : पुन्हा तोच कारखाना, संध्याकाळ.)

सकाळी तीनदा आवळलेला बॉबिनचा स्क्रू मुलाने आता पाव-पाव फेऱ्याने मागे घेतला आहे. टेन्शनच्या चकत्या सोडवून कापडाने पुसल्या आहेत आणि दोरा पाय वर उचलून ओवला आहे, कारण पाय वर असतानाच चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. लाल-पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तो स्वतः कापतो आणि दिव्याखाली धरतो. गाठ मध्यापेक्षा किंचित खाली आहे. तो वरचा स्क्रू थोडा आवळतो, दुसरा तुकडा शिवतो, पुन्हा कापतो. तिसऱ्या तुकड्यावर मामा मान डोलावतात.

दिवे बंद करण्यापूर्वी तो सुईपट्टीखालचा भुसा ब्रशने काढतो, शटलला तेलाचा एक थेंब देतो, पाय आणि पाट कोरड्या फडक्याने पुसतो, आणि पायाखाली सुती कापडाची घडी ठेवून पाय हळूच खाली सोडतो. सुईच्या रिकाम्या पाकिटाचा छापील तुकडा कापून त्याने यंत्राच्या मानेवर चिकटवला आहे : १३५ गुणिले १६, १४०/२२.