घोडीला गाय समजू नका

मंडळी, मला विषय दिलाय घोडीच्या बाळंतपणाच्या तयारीचा. त्याकडे येतोच. पण या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सकाळपासून जे बघतोय ते आधी बोलू द्या. घोडी घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा काय बघतो? भोवरे. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा आहे का, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा आहे का, म्हणजे पंचकल्याणी आहे का. मारवाडी असली की कानांची टोकं जुळतात का. एवढं झालं की मालक हळूच सांगतो, ‘गाभण आहे बरं का, भाऊ.’ लगेच भाव चढतो. आता त्याला विचारा, नर कधी दाखवला होता? म्हणतो, ‘दिवाळीच्या मागंपुढं.’ कुठली दिवाळी, हे विचारायचं नाही!

हसताय, पण तुमच्यातल्या किती जणांच्या वहीत ती तारीख आहे? हात वर करा. बरं, राहू द्या. घोडीचे दिवस साधारण 340. कुणी 320 ला विते, कुणी 365 ओलांडते. तारीख माहीत असली तरी महिनाभर डोळ्यांत तेल घालावं लागतं. तारीखच नसेल तर देवमणाकडे बघत बसा.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्या गावांत गाई-म्हशींची बाळंतपणं केलेली माणसं पुष्कळ. घोडीची फार थोडी. त्यामुळे गाईचा हिशेब सरळ घोडीला लावला जातो. यावरची एक गोष्ट मी सगळीकडे सांगतो. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं.

एक वरातीच्या घोडीवाला. माणूस जीव लावणारा. वेत जवळ आलं म्हणून सगळी गल्ली जागी. हॅलोजन लावलेला, खुर्च्या टाकलेल्या, एका कोपऱ्यात पत्तेसुद्धा निघालेले. घोडीच्या सडांवर मेण, म्हणजे चिकाचे सुकलेले थेंब, आलेलं, शेपटीच्या मुळाशी मांस सैल पडलेलं. मध्येच तिला घाम फुटायचा, ती पोटाकडे वळून बघायची, आणि जरा वेळानं पुन्हा शांतपणे गवत खायला लागायची. मध्यरात्र उलटली तेव्हा पंचांनी निकाल दिला, डॉक्टरांचा अंदाज चुकलाय. मी म्हटलं, दिवा बंद करा आणि घरी जा. सुरुवातीच्या कळा घोडी बराच वेळ लांबवू शकते. गलका असेल तर ती थांबते, निजानीज झाली की मोकळी होते. बहुतेक घोड्या रात्री वितात ते उगाच नाही. मालक आणि मी भिंतीआड बसलो. पत्तेवाले गल्लीच्या टोकाला पोचले असतील-नसतील, तोवर पाणमोट फुटली. वीसेक मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर.

गोष्ट इथं संपत नाही. आवाज ऐकून शेजारचे दूधवाले काका परत आले. घरी चार म्हशी, शब्दाला वजन. शिंगरू लटपटत उभं राहून कासेकडे निघालं, तर काकांनी त्याला मागं ओढलं. म्हणाले, ‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही.’ वार म्हणजे पोटात पिल्लाला पोसणारी, विल्यावर बाहेर पडणारी झिल्ली; चीक म्हणजे विल्यावरचं पहिलं दूध. मी विचारलं, काका, हे कुणी सांगितलं? ‘आजोबांपासून चालत आलंय.’ आजोबांकडे घोडी होती? ‘छे, ती कुठली!’

आता नीट ऐका. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून रोगाशी लढायची ताकद मिळते. शिंगराला मिळत नाही, ते कोरंच जन्मतं. ती ताकद चिकातून मिळते, आणि शिंगराचं आतडं ती सरळ रक्तात घेऊ शकतं ते पहिल्या दिवसापुरतंच. त्यातही पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. (वासरालाही हाच नियम आहे, पण काकांना एका रात्री किती धक्के द्यायचे!) दुसरं म्हणजे, गाईची वार गर्भाशयाला बटणांसारखी ठिकठिकाणी जोडलेली असते आणि सावकाश सुटते. घोडीची सगळीकडून चिकटलेली असते आणि कळा जोरात आल्या की भराभर सुटते. मग आतल्या शिंगराला प्राणवायू कुठून मिळणार? म्हणून गाईला तास-दोन तास वाट बघता येते, घोडीला नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे दिलेला विषय पाच मिनिटांत.

शेवटच्या तीन महिन्यांत शिंगरू सर्वांत जास्त वाढतं, तेव्हा चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, हळूहळू वाढवा, पण घोडी लठ्ठ करू नका. विण्याआधी महिना-दीड महिना धनुर्वाताची लस द्या आणि जिथं वेत होणार तिथंच तिला आणून बांधा, म्हणजे त्या जागेच्या रोगांशी लढणारा चीक तयार होईल. जागा 14 बाय 14 फूट असावी. खाली कोरडा पेंढा टाका. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या नाकपुड्यांना चिकटतो. कास दोन-चार आठवडे आधी भरते, मेण बहुधा एक-दोन दिवस आधी दिसतं. काहींना दिसतच नाही, त्यामुळे मेणावर विसंबू नका. विताना दाव्यानं बांधू नका, शेपटीला पट्टी गुंडाळा, आणि डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

पाणमोट फुटली की घड्याळ बघा. पुढचे दोन पाय, एक जरा पुढं, त्यावर नाक, आणि वर पांढरट पडदा, हे ठीक. पांढऱ्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी दिसली तर वार आधीच सुटलीय. डॉक्टरांची वाट न बघता ती तिथंच फाडा, शिंगरू बाहेर घ्या आणि मग फोन करा. एरवी अर्ध्या तासात शिंगरू आलं नाही तर फोन. नाळ कापू नका, आपोआप तुटते. देठाला डॉक्टरांनी सांगितलेलं जंतुनाशक लावा.

मग एक, दोन, तीन. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत पिणारं, तीन तासांत वार बाहेर. लोंबणारी वार गाठ मारून वर घ्या, तिच्यावर पाय पडता कामा नये. ओढू नका, दगड बांधू नका. गाईची अर्धा दिवस राहिली तरी चालून जातं. घोडीची तीन तासांवर राहिली तर अंगात विष भिनतं, खुरं धरतात, म्हणजे आतून सुजतात, घोडी हातची जाते. पडलेली वार फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, एखादा तुकडा आत राहिलाय का ते कळतं.

मागचे पागोटेवाले बाबा मघापासून हात वर करून बसलेत. विचारा बाबा. पण चिकाबद्दल असेल तर मी ऐकायचा नाही.