हडळीचे पाय उलटे काढा

नमस्कार मंडळी.

परवा इथे परदेशात, आपल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात मुलं हॅलोवीनसाठी मेरँगची, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेसोबत फेटून वाळवलेल्या गोड फेसाची, भुतं करत होती. सहा वर्षांच्या एका मुलीनं ट्रेकडे बघून विचारलं, "यातलं आपलं भूत कुठलं?" ओट्याभोवती मोठी माणसं पुष्कळ होती. उत्तर एकाकडेही नव्हतं.

ते उत्तर ट्रेवर आणता येतं. तीन अंड्यांचा पांढरा बलक, पाऊण कप साखर, पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड). अंडी थंड असताना फोडा, पांढरा बलक नीट वेगळा होतो; फेटा मात्र तो कोमट झाल्यावर. पिवळ्याचा थेंब किंवा भांड्याला तुपाचा हात लागला तर फेस चढतच नाही, म्हणून तेलकटपणा धरून ठेवणारं प्लास्टिकचं भांडं नको. इथल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो, तेव्हा साधी साखर मिक्सरमधून फिरवा आणि चमचाचमचा घाला. घाई केली तर ती विरघळत नाही आणि भाजताना पाकाचे थेंब सुटतात. चिमटीत फेस चोळून बघा. कण लागले तर अजून फेटा.

अंडं न खाणाऱ्या घरांनी डब्यातल्या, बिनमिठाच्या काबुली चण्यांचं अर्धा कप पाणी घ्यावं, साखरही अर्धा कपच. फेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, धीर सोडू नका. आणि मार्शमेलो, गमीचे किडे सजावटीला घेण्याआधी पाकीट वाचा; त्यांत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं.

फेस पायपिंगच्या, म्हणजे टोकाला भोक असलेल्या, पिशवीतून ट्रेवर पिळा आणि ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटवर दीड ते दोन तास ठेवा. हे भाजणं नव्हे, वाळवणं आहे. आच वाढवली की भुतं तांबूस होतात. ओव्हन बंद केल्यावर दार न उघडता आतच गार होऊ द्या, नाहीतर तडे जातात. पावसाळी दिवशी हा बेतच नको. हवेतला दमटपणा ओढून ती चिकट होतात.

आता आपलं भूत. फेस पिळतानाच टोक मागे ओढून वळवलं की शेंडी, तो मुंजा. हडळीचे केस वितळलेल्या चॉकलेटनं मोकळे सोडा आणि पाय उलटे, टाचा पुढे. हे चॉकलेटचं रंगकाम भुतं पूर्ण गार झाल्यावरच करा.

एक सांगते, राग मानू नका. आकार वाकडा होतो म्हणून मुलांच्या हातातली पायपिंगची पिशवी आपणच काढून घेतो. भुताला कसली सुबकता हवी? आणि "तो त्यांचा सण" म्हणून हॅलोवीन बाजूला ठेवतो. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले, तेव्हा किती घरांत चकलीचा सोऱ्या आणि पायपिंगची पिशवी एकाच ओट्यावर होती?

मुंजा ट्रेवर उभा राहील. पण तो राहतो कुठे, हे ती मुलगी विचारणारच. पिंपळावर, म्हणून सांगू. इथे जन्मलेल्या या मुलांनी पिंपळ पाहिलाय कुठे?