कुत्र्याच्या मापाचा खाऊ

मित्रहो,

ऋतू बदलला की स्वयंपाकघराचा वास बदलतो, आणि घरात तो सर्वांत आधी कळतो कुत्र्याला. ओव्हन तापू लागला की तो दाराशी येऊन बसतो, नाक वर करून हवा हुंगतो, आणि त्याच्याकडे पाहून आपल्यालाही वाटते की या दिवसांत यालाही काहीतरी खास मिळावे. ही इच्छा मला फार मोलाची वाटते. पण सुट्ट्यांच्या आणि समारंभांच्या दिवसांत जे कुत्रे माझ्यासमोर उपचारांसाठी येतात, त्यांतल्या पुष्कळांनी बाहेरचे काहीही खाल्लेले नसते. त्यांनी घरचेच खाल्लेले असते, आणि बऱ्याचदा ते कोणीतरी प्रेमाने भरवलेले असते. घरचे म्हणजे निर्धोक ही समजूत आपण स्वतःच्या अन्नाबद्दल बाळगतो, ती कुत्र्याच्या अन्नाला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि आज मला प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

एक प्रसंग सांगतो. एका ताईंनी आपल्या कुत्रीसाठी ओट्स आणि सफरचंदाची बिस्किटे केली होती. साखर, मीठ, लोणी यांतले काहीही त्यांनी घातले नव्हते. फक्त थोडा गोडवा यावा म्हणून मूठभर बेदाणे चिरून घातले होते. दुसऱ्या दिवशी कुत्री उलट्या करू लागली, आणि रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसले. कित्येक दिवस सलाईन दिल्यावर ती वाचली. ताई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "डॉक्टर, मी तर साखर टाळली होती." ते वाक्य मी विसरलेलो नाही, कारण माणसाच्या दृष्टीने जे पौष्टिक पर्याय आहेत, नेमके तेच कुत्र्याच्या बाबतीत घात करतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांतील टार्टारिक आम्लाकडे आता संशोधक बोट दाखवतात. त्याचे प्रमाण फळाफळात बदलते, त्यामुळे अमुक इतके दाणे चालतील असे सुरक्षित माप सांगताच येत नाही. हेच आम्ल चिंचेत आणि केकसाठी वापरल्या जाणाऱ्या क्रीम ऑफ टार्टारमध्येही असते.

साखरेचा दुसरा पर्याय याहून वेगाने घात करतो. झायलिटॉल हे गोडवा देणारे द्रव्य माणसाला बाधत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात ते इन्सुलिनचा लोंढा सोडते, आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर इतकी खाली येऊ शकते की प्राणी झोकांड्या खातो, त्याला झटकेही येतात. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढे झायलिटॉलही त्याला पुरते, आणि मात्रा वाढली तर यकृत निकामी होण्याचा धोका असतो. काही पीनट बटरमध्ये ते घातलेले असते, कधी 'बर्च शुगर' या नावाने तर कधी ई ९६७ या क्रमांकाने. म्हणून बरणीच्या मागचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय चमचा बुडवू नये.

चॉकलेटचे तर सर्वांना ठाऊक असते, पण कोको पावडरीचे गांभीर्य ठाऊक नसते. सुक्या कोकोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक थिओब्रोमिन, म्हणजे चॉकलेटमधले कुत्र्याला बाधणारे द्रव्य, असते, आणि दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास लक्षणे दिसू लागतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दहा ग्रॅम कोको, जेमतेम दोन मोठे चमचे, अस्वस्थ करायला पुरेसा आहे. शिवाय माणसापेक्षा कुत्र्याच्या शरीरातून हे द्रव्य फार सावकाश बाहेर पडते. जायफळ, मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा, कांदा आणि लसूण हेही पूर्ण वर्ज्य समजावेत. कांदा-लसूण शिजवला किंवा त्याची पूड केली तरी त्याचा दोष जात नाही, आणि त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटल्याची लक्षणे काही दिवसांनी उमटत असल्यामुळे खाल्लेल्या गोष्टीशी त्यांचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. यीस्ट घातलेले कच्चे पीठ उघड्यावर ठेवू नये. ते पोटाच्या उबेत फुगत राहते आणि आंबताना मद्यार्क तयार करते.

आता करायचे काय? थंडीच्या दिवसांसाठी मला लाल भोपळ्याची बिस्किटे सर्वांत आवडतात. भोपळा पाण्यात न उकळता वाफवावा, कारण उकडलेला भोपळा पाणी धरतो आणि मग पीठ घालत बसावे लागते. वाफवलेला गर फडक्यात बांधून निथळू द्यावा, एक वाटी गराला एक अंडे आणि गोळा बांधला जाईल एवढे, साधारण दोन वाट्या, ओट्सचे पीठ घ्यावे. सुरुवातीला गोळा हाताला चिकटेल, पण दहा मिनिटे झाकून ठेवला की ओट्स ओलावा शोषून घेतात आणि तो आपोआप लाटण्याजोगा होतो; त्या दहा मिनिटांत घाईने आणखी पीठ घातले तर बिस्किटे दगडासारखी होतात. पातळ लाटून करंगळीच्या नखाएवढे चौकोन कापावेत, १५० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजावेत आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यावेत. हे चौकोन आपल्याला अळणी लागतील. लागू द्यावेत, कारण कुत्रा चवीच्या आधी वासाने जेवतो, आणि भाजलेल्या भोपळ्याचा वास त्याला भरपूर असतो.

उन्हाळ्यात बिया आणि साल काढलेले कलिंगड, किंवा त्याला दही पचत असेल तर बिनसाखरेचे दही, ताटलीत पातळ थर पसरून गोठवावे आणि चाटायला द्यावे. बर्फाचे घट्ट खडे मी टाळतो. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ज्यावर खूण उमटत नाही अशा वस्तूवर दात तुटू शकतात. मांसाचे पाणी गोठवायचे असेल तर ते घरीच, हाड, मीठ आणि कांद्याशिवाय करावे, कारण तयार रश्श्यात कांद्याची पूड बहुधा असतेच. मात्र उन्हाने धापा टाकणाऱ्या, लडखडणाऱ्या कुत्र्याला गार खाऊ देत बसू नये. त्याच्या अंगावर पाणी ओतून, वारा घालत दवाखाना गाठावा.

मक्याच्या दिवसांत उकडलेले दाणे थोडे द्यायला हरकत नाही, पण कणसाचे बुरखुंड कधीही देऊ नये. ते पचत नाही, आतड्यात अडकते, आणि ते काढण्यासाठी मी शस्त्रक्रिया केल्या आहेत. सफरचंदाचा बियांसह गाभा आणि आंबा, पीच, चेरी यांच्या कोयी-आठळ्या यांनाही हाच नियम लावावा.

किती द्यावे, हा प्रश्न नेहमी शेवटी येतो. खरे तर तो आधी यायला हवा. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. १० किलोच्या प्रौढ, नसबंदी केलेल्या कुत्र्याची गरज दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी धरली, तर खाऊसाठी ६० उरतात. एक मोठा चमचा पीनट बटर एकटाच नव्वदीच्या पुढे जातो. १०० ग्रॅम गाजर मात्र चाळिसाच्या आसपास राहते. स्वादुपिंडाचा, मूत्रपिंडांचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या कुत्र्याला गाजराचा तुकडासुद्धा त्याच्या पशुवैद्याला विचारूनच सुरू करावा. नवा पदार्थ एकावेळी एकच, आणि पहिल्या दिवशी एकच घास द्यावा, म्हणजे पोट बिघडले तर कशाने ते कळते.

चुकून काही नको ते पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट पाहू नये आणि मीठपाणी पाजून घरी उलटी काढण्याचा प्रयत्नही करू नये. मीठच विष ठरू शकते. पदार्थाचे वेष्टन, खाल्लेले अंदाजे प्रमाण, वेळ आणि कुत्र्याचे वजन एवढे सांगितलेत, तर आमचे निम्मे काम होते.

शेवटी साठवणीविषयी. या खाऊत टिकवणारे द्रव्य नसते, म्हणून तो फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवावा आणि उरलेला लगेच गोठवावा. डब्यावर केल्याची तारीख लिहावी. दमट हवेत बिस्किटांवर बुरशी चटकन धरते, आणि काही बुरशींच्या विषाने कुत्र्याचे सारे अंग थरथरू लागते. म्हणून डाग दिसलेला एखादाच तुकडा वेगळा काढून बाकीचे वाचवू नयेत. सगळा डबा रिकामा करावा, आणि ज्या टोपलीत तो रिकामा कराल तिचे झाकण त्याला नाकाने उघडता येत नाही ना, हे तेव्हाच पाहून घ्यावे.