भिंतीला चमक किती हवी?

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं की आपण सगळे शेडकार्ड घेऊन बसतो, हा पिस्ता बरा का तो ऑफव्हाइट, आणि फिनिश कुठलं, म्हणजे वाळल्यावर चमक किती, ते मात्र पेंटर दुकानात उभ्या उभ्या ठरवून येतो. आज मी तेवढ्यावरच बोलणारे.

चमक म्हणजे भारी रंग, हे डोक्यातून काढा. रंगात पिगमेंट (रंग देणारी पूड) आणि खडूसारखी भुकटी जास्त, बाइंडर (हे सगळं धरून ठेवणारा चिकट भाग) कमी, असं असलं की वाळल्यावर वरचा थर बारीक खडबडीत राहतो, उजेड सगळीकडे विखुरतो, तो मॅट. बाइंडर वाढला की गुळगुळीत पापुद्रा येतो आणि उजेड एकाच बाजूला परत फिरतो, तो ग्लॉस. सॅटिन मधलं. ग्लॉस पुसता येतो हे खरंच, पण पुट्टीची प्रत्येक लाट पण तोच दाखवतो. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरा, जे उंचवटे दिसतील ते सॅटिन लावल्यावर खिडकीतून ऊन आलं की रोज दिसणार. जुन्या बिल्डिंगमधे हॉलला मॅटच, आणि छताला तर कायम मॅट.

आमच्या हॉलला मी हौसेने सॅटिन लावलं होतं. वर्षभराने खिळ्याचं भोक बुजवून त्याच डब्यातला रंग लावला तरी ठिगळ दिसायचं, शेवटी अख्खी भिंत परत मारली. मॅटमधे असं टचअप बरंचसं खपून जातं.

स्वयंपाकघरात टाइल्स संपतात त्याच्या वरच्या पट्टीवर फोडणीचा तेलकट थर बसतो, तिथे सॅटिन किंवा सेमीग्लॉसच हवा, पॅसेजमधे मुलं हात घासत पळतात तिथेपण. दारं-ग्रिलला ऑइल पेंट. फक्त पांढरा ऑइल पेंट कपाटाच्या आत नको, अंधारात तो पिवळा पडतो.

आणि कळकळीने सांगतो, ओल झाकायला भिंतीवर ऑइल पेंट मारू नका. मुंबईत, कोकणात हे फार चालतं. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, मग फुगे, मग पोपडे. आधी गळती शोधा. नव्या प्लास्टरवर तर घाई नकोच, सिमेंटचा क्षार आणि रंगातलं तेल मिळून अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटायला लागतो.

जुना ऑइल पेंट काढणार असाल तर अजून एक. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. म्हणून कोरडं घासू देऊच नका, पाणी मारून घासायला सांगा, आणि घरात लहान मूल किंवा कोणी गरोदर असेल तर सगळी धूळ ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत त्यांना नातेवाइकांकडे पाठवा.