कडा आणि नदी यांच्यामधले गाव : ला रॉक-गाझाक

फ्रान्सच्या मध्य पठारावर उगम पावणारी दोर्दोन्य नदी ४८३ किलोमीटर वाहून बोर्दो शहराच्या उत्तरेला गारोन नदीला मिळते. या वाटेवर, पेरिगोर प्रांतातील सार्ला शहराच्या दक्षिणेस, चुनखडीचा एक उभा कडा तिच्या उजव्या तीराला अगदी भिडतो. मध्ये उरलेल्या अरुंद पट्टीत एक रस्ता आणि त्यामागे एकीच्या डोक्यावर दुसरी अशी चढत गेलेली पिवळसर दगडी घरे, एवढाच या गावाचा विस्तार. जेमतेम चारशे वस्तीच्या या गावाचे नाव ला रॉक-गाझाक. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असे आपण अडचणीच्या वेळी म्हणतो; या गावाने मात्र इकडे कडा आणि तिकडे नदी, अशा जागीच शतकानुशतके संसार केला आहे.

कड्याच्या पोटात, जमिनीपासून उंचावर, मध्ययुगात बांधलेल्या गुहादुर्गाचे अवशेष दिसतात. शत्रू आला की गावकरी तेथे आश्रय घेत. पण आसरा देणारा हाच कडा १७ जानेवारी १९५७ रोजी कोसळला. तीन माणसे दगावली आणि दहा-बारा घरे दरडीखाली गेली. वर पाहिल्यास खडकावरची त्या जागेची खूण अजूनही ओळखू येते.

कड्याची माया पाहायची असेल, तर चर्चकडे चढणाऱ्या पायवाटेने जावे. हा कडा दक्षिणाभिमुख असल्यामुळे उत्तरेचे बोचरे वारे अडवतो, दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती ऊब घरांना परत देतो. त्यामुळे येथे केळी, ताडवर्गातील झाडे आणि घायपात वाढतात. मराठी प्रेक्षकाला केळीचे कौतुक ते काय वाटावे. परंतु विषुववृत्तापासून जवळजवळ ४५ अंश उत्तरेला, दगडी भिंतीला टेकून उभी असलेली केळ पाहून आपणही क्षणभर थबकतो.

याच गावात सोळाव्या शतकात झाँ तार्द यांचा जन्म झाला. सार्लाच्या कॅथेड्रलमधील हे धर्माधिकारी नकाशे काढत, इतिहास लिहीत आणि आकाश न्याहाळत. १६१४ मध्ये फ्लॉरेन्सला जाऊन त्यांनी गॅलिलिओची भेट घेतली. सूर्यावरील डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह होत, असे त्यांचे मत होते, आणि फ्रान्सच्या राजघराण्यावरून त्यांनी या ग्रहांना ‘बूर्बाँ तारे’ असे नावही देऊन टाकले. मत चुकले, पण एवढ्याशा गावातून निघालेली जिज्ञासा किती दूरवर पोहोचली, हे त्यातून कळते. गोल बुरूज असलेला तार्द घराण्याचा वाडा आजही उभा आहे.

गावाचे पोट मात्र नदीवर चाले. ‘गाबार’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून द्राक्षवेलींना आधार देणारे चेस्टनटचे खुंट आणि दारूची पिंपे बनवण्यासाठी ओकच्या फळ्या बोर्दोच्या दिशेने जात. नदीला पुरेसे पाणी असेल तेव्हाच हा प्रवास शक्य होई. पाणी कमी पडले तर होडी खडकाला लागे आणि फार चढले तर हाताबाहेर जाई. वरच्या डोंगरी भागातून येणाऱ्या होड्या तर परत जाण्यासाठी बांधलेल्याच नसत. माल उतरला की होडी मोडून तिचे लाकूडही विकले जाई आणि नावाडी शेकडो किलोमीटर पायी चालत घरी येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि हा व्यवहार आटोपला.

‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. दोन हजारांहून कमी वस्तीच्या निवडक गावांना ती हे बिरुद देते. ला रॉक-गाझाकला ते लाभले आहे. उन्हाळ्यात धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते, दुकानांत अक्रोडाचे तेल आणि बदकाच्या मांसाचे डबे मांडलेले असतात आणि नदीत भाड्याच्या होड्यांची दाटी होते. हिवाळ्यात यातले बरेचसे बंद असते. नदी तेव्हा भरून वाहते, आणि जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा येथील भिंतीवर कोरलेल्या आहेत.

पर्यटकांसाठी गाबारही पुन्हा पाण्यात उतरल्या आहेत. पलीकडच्या टेकडीवरचा कास्तेलनोचा किल्ला नदीतून दाखवून ही होडी साधारण तासाभरात, इंजिनाच्या जोरावर, प्रवाहाविरुद्ध त्याच धक्क्यावर परत येते.