पावसाळ्यानंतर शाळेतले संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या हायस्कूलला नवे संगणक मिळाले की नारळ फुटतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. त्या खोलीचं पुढच्या पाच वर्षांत काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज मी त्या पाच वर्षांविषयी बोलणार आहे.

भारतातल्या शाळांत संगणक सरकारी योजनेतून आला तो १९८४ साली. ‘क्लास’ या प्रकल्पात केंद्रानं निवडक शाळांना बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रं दिली. डिसेंबर २००४ मध्ये शाळांत माहिती तंत्रज्ञान आणण्यासाठी केंद्राची आयसीटी योजना आली. ती २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात सामावली गेली. आपल्या गोवा सरकारनं तर सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी न्यायला संगणक दिले. कितीतरी घरांत तो पहिलाच संगणक होता, आणि त्याचं श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं. २०२१ पासून सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आहे. खरेदीत आपण मागे नाही. आपलं घोडं पेंड खातं ते देखभालीत.

आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्याच्या सुट्टीत लॅब बंद असते, आणि जूनमध्ये दार उघडेपर्यंत भिंतींना ओल धरलेली असते. सत्तरी, सांगे, काणकोणात विजांचा कडकडाट सुरू झाला की व्होल्टेज वरखाली होतं. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत उतरतात, मग संगणक थेट भिंतीतल्या प्लगला जोडले जातात आणि एखाद्या रात्री पॉवर सप्लाय जळतो.

अशाच एका हायस्कूलच्या लॅबमध्ये मी गेलो होतो. काही संगणकांवर ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यातला एक सुरू करून पाहिला, तर चालू झाला. पण पडद्यावर तारीख दिसली बऱ्याच वर्षांपूर्वीची. तारीख चुकली की ब्राउझरला संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं पटत नाहीत आणि बहुतेक संकेतस्थळं उघडतच नाहीत. बिघाड काय, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी गोल बॅटरी संपलेली. बाजारात ती पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. शेजारच्या यंत्राचा रॅम, म्हणजे स्मृतीची पट्टी, काढून त्याचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, परत बसवला, तर तेही सुरू झालं. ही दोन्ही यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, निर्लेखनाची, म्हणजे निकामी म्हणून कमी होण्याची, वाट बघत होती. मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्याच वर्गात एका संगणकापुढे तीन-तीन मुलं दाटीवाटीनं बसली होती. माऊस अर्थातच सगळ्यांत धीट मुलाच्या हातात होता.

दोष शिक्षकांना देऊ नका. संगणक शिक्षकांपैकी अनेकांनी वर्षानुवर्षं कंत्राटावर काढली आहेत. प्रिंटर, निकालपत्रकं, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. सुटा भाग आणायचा तर मुख्याध्यापकांकडे त्यासाठी हाताशी रक्कम नाही. अर्ज करा, कोटेशनं मागवा, मंजुरी येईपर्यंत सत्र संपतं.

केरळनं यावर एक चांगली वाट काढली. तिथं शाळांमधल्या तंत्रज्ञानासाठी ‘काइट’ ही वेगळी सरकारी कंपनी आहे. मुक्त सॉफ्टवेअर वापरल्यानं परवान्यांचा पैसा वाचतो, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतली हायस्कूलची मुलं यंत्रांची देखभाल शिकतात. गोवा केरळच्या मानानं केवढासा! एका तालुक्याला एक तंत्रज्ञ आणि सुट्या भागांची एक पेटी दिली, तर सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत दोन-तीन शाळा करून घरी पोचेल.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. आपल्या गावोगावच्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलं मराठी किंवा कोकणीतून शिकतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात शाळा वाड्यावाड्यावर पोचली, ती मुख्यतः मराठीतून. पण तेच मूल संगणकापुढे बसलं की त्याला स्वतःचं नावसुद्धा देवनागरीत लिहिता येत नाही, कारण ते कुणी दाखवलेलंच नसतं. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी, जवळपास प्रत्येक संगणकात फुकट असते. बहुतेक स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘गोवा’ लिहायचं तर आय, ए, बी, ई, एवढी चारच बटणं. आणि कोकणीही आपण देवनागरीत लिहीत असल्यानं दोन्ही माध्यमांच्या मुलांना एकच तासिका पुरते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेतून शिक्षण आणि माध्यमिक टप्प्याआधी कोडिंगची ओळख, या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांची गाठ घालायची तर सुरुवात इथून व्हावी. ज्या मुलानं आपल्या वाड्यावरच्या जत्रेवर पानभर मजकूर स्वतः टाइप केला, ते यंत्राला बिचकणार नाही.

तेव्हा शिक्षण खात्याकडे माझी मागणी साधी आहे. अंदाजपत्रकात संगणक खरेदीला जितकी रक्कम ठेवाल, तिच्यातला ठरावीक हिस्सा दरवर्षी दुरुस्तीसाठी थेट मुख्याध्यापकांच्या हाती द्या. आणि वाटलेल्या यंत्रांच्या आकड्याबरोबर चतुर्थीच्या सुट्टीनंतर किती यंत्रं चालू आहेत, तो आकडाही जाहीर करा.

पालकांनो, पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा लॅबचं वेळापत्रक बघायला मागा. आपल्या मुलाच्या वाट्याला आठवड्यात किती मिनिटं कीबोर्ड येतो, ते विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा, म्हणजे त्या कागदाच्या आधारे मुख्याध्यापकांना खात्याकडे मागणी करता येईल.

नमस्कार.