गाठ पूर्ण काढली, मग शेक कशाला? ग्लायोब्लास्टोमाबद्दल बोलूया

नमस्कार, रत्नागिरीहून बोलतेय. मागच्या व्हिडिओपासून एकच प्रश्न येतोय, "ताई, डॉक्टर म्हणाले गाठ पूर्ण काढली. मग आता रेडिएशन, म्हणजे शेक, कशाला?" आज फक्त यावरच बोलणार आहे.

आधी भराभर. मोठ्या माणसांच्या मेंदूतच सुरू होणारे जे कॅन्सर आहेत, त्यात ग्लायोब्लास्टोमा सगळ्यात जास्त आढळतो आणि फार वेगाने वाढतो. ग्रेड 4, म्हणजे सगळ्यात वरचा. लक्षणं काय? सकाळी जास्त दुखणारं डोकं, उलट्या, बोलताना शब्द न सापडणं, एका बाजूचा हातपाय जड होणं, स्वभाव बदलणं. पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच फिट आली तर कांदा हुंगवत बसू नका, दवाखान्यात न्या, स्कॅन करा.

आता मुद्दा. हापूसच्या कलमावरचं बांडगूळ नुसतं उपटलं तर परत फुटतं ना? त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात. म्हणून आपण फांदीच खालून छाटतो. या गाठीच्या पेशीही अशाच आजूबाजूच्या मेंदूत शिरलेल्या असतात. पण मेंदूत तसं छाटता येत नाही, कारण ती फांदी म्हणजे कुणाचं बोलणं असतं, कुणाचा उजवा हात.

अजून पटत नसेल तर ऐका. अमेरिकेत वॉल्टर डँडी नावाच्या सर्जननी अशा गाठींसाठी मेंदूचा उजवा अर्धा भागच काढला आणि 1928 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तरी रोग परत आला. पेशी आधीच पलीकडे पोचल्या होत्या.

आणि "एमआरआय स्वच्छ आलाय" म्हणता, तर एमआरआयमध्ये पेशींचा जमाव दिसतो, विखुरलेली एकेक पेशी नाही. 'पूर्ण काढली' म्हणजे डोळ्यांना आणि मशीनला दिसली तेवढी पूर्ण. हे वाक्य नातेवाइकांना नीट उलगडून सांगायलाच हवं, नाहीतर घरी पेढे वाटले जातात. आम्ही वाटले होते.

माझे मामा गुहागरचे. ऑपरेशन श्रावणात झालं. सूज उतरायला स्टिरॉइड चालू होतं, त्यामुळे चेहरा टवटवीत, बोलणं परत आलं. मला म्हणाले, "बाय, गाठ गेली ना? मग गणपती घरात असताना मी मुंबईत कशाला राहू?" मी नर्स असून गप्प बसले. शेकाची तारीख पुढे गेली. गौरी-गणपती झाले, आणि नवरात्र यायच्या आत डावा हात पुन्हा जड झाला. ते बरं वाटणं स्टिरॉइडचं होतं. मला आजही ते खुपतं.

मागे उरलेल्या या पेशींसाठीच शेक. तो साधारण 6 आठवडे असतो, सोमवार ते शुक्रवार, 30 सिटिंग. सोबत रोज टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या आणि नंतर त्यांचेच महिन्या-महिन्याचे कोर्स. या गोळ्यांनी काय होतं? 2005 च्या मोठ्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर 2 वर्षं जगणारे 100 पैकी सुमारे 10 होते, गोळ्या जोडल्यावर सुमारे 26. रोग मुळापासून जात नाही, हे मी लपवणार नाही. पण ती जास्तीची माणसं कुणाच्या तरी घरातली होती.

देवाला गाऱ्हाणं घाला, मीही घातलं होतं. देवगडच्या एका दादांनी विचारलंय, बाबांचा शेक मध्येच चतुर्थीसाठी आठवडाभर थांबवला तर चालेल का? दादा, नका थांबवू. मूर्ती भावकीतल्या कुणाच्या हातून बसवा, बाबांना आरती व्हिडिओ कॉलवर दाखवा. आणि 6 आठवडे मुंबईत राहायची सोय ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवा, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.